पाणी अडवणारी, तेल सोडणारी जाळी: पहिल्यांदाच करून बघणाऱ्यांसाठी

माझी पहिली जाळी, म्हणजे पाणी झटकणारा लेप दिलेली बारीक तारांची जाळी, मी नरसाळ्यात बसवली होती. वरून पाणी आणि सूर्यफूल तेल ओतलं, खाली बाटली ठेवली आणि बघत बसलो. सुरुवातीला चार थेंब तेल पडलं, मग काही नाही. जाळीवर पाणी, पाण्यावर तेल, दोघंही निवांत. अर्ध्या तासानंतर मी लेप बिघडला असं ठरवून जाळी फेकून दिली.

जाळी उत्तम होती. पाण्याला अडवायचं आणि तेलाला वाट द्यायची, एवढंच तिचं काम, आणि ती पाणी अडवत होती. तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून ते वर तरंगत राहिलं. जाळीला टेकलं फक्त पाणी. पहिले चार थेंब सोडले तर तेलाची आणि जाळीची गाठच पडली नाही.

मग अशा जाळीच्या इंटरनेटवरच्या व्हिडिओंमध्ये लाल रंगाचं तेल नरसाळ्यातून भराभर खाली कसं उतरतं? बऱ्याचदा ते ‘तेल’ म्हणजे क्लोरोफॉर्म किंवा डायक्लोरोमिथेन असतं. पहिल्याची घनता 1.49, दुसऱ्याची 1.33. पाण्यापेक्षा जड असल्यामुळे ते आपोआप तळाशी, म्हणजे थेट जाळीवर जातं. यात लबाडी नाही, पण नवख्याची दिशाभूल नक्की होते. घरात हे द्रव आणू नका, दोन्हींची वाफ घातक असते. आपल्याला खाद्यतेल, डिझेल, इंजिन ऑइल असं तरंगणारं तेल वेगळं करायचंय. म्हणून जाळी कुठे आणि कशी ठेवायची हे आधी ठरवायचं, लेपाचं नंतर. माझी शिफारस होडीची. जाळीची छोटी उघडी डबी करून ती तेलावर तरंगत ठेवायची.

आधी अळूचं पान

बाजारातून अळूची जुडी आणा आणि एका पानावर ड्रॉपरने पाण्याचा थेंब सोडा. ‘अळवावरचं पाणी’ आपण क्षणभंगुर गोष्टींना म्हणतो. इथे ते शब्दशः बघायचंय. थेंब मोत्यासारखा गोल राहतो आणि पान जरा कललं की घरंगळतो. आता दुसरा थेंब गोडेतेलाचा सोडा. तो पसरतो, पानाला चिकटतो. नंतर पानाचा एक कोपरा साबणाच्या पाण्याने हलकेच पुसून त्यावर पुन्हा पाण्याचा थेंब सोडा आणि फरक बघा. आपल्या जाळीचा स्वभाव आणि तिचा शत्रू, दोन्ही या पानावर कळतात.

थेंबाची कड पृष्ठभागाला जिथे टेकते तिथे थेंबाच्या आत होणाऱ्या कोनाला संपर्ककोन म्हणतात. तो 90 अंशांपेक्षा जास्त असेल तर पृष्ठभाग पाण्याला नको म्हणतोय, 150 च्या वर गेला आणि थेंब सहज घरंगळला तर अगदीच नको म्हणतोय. साध्या सपाट मेणचट पृष्ठभागावर हा कोन जेमतेम 105 ते 110 पर्यंत जातो. पुढची मजल खडबडीतपणामुळे गाठता येते: सूक्ष्म उंचवट्यांच्या मधे हवा अडकते आणि थेंब टोकांवर तोलून राहतो. 1944 मध्ये कॅसी आणि बॅक्स्टर या दोघांनी सच्छिद्र पृष्ठभागांसाठी हे गणितात बसवलं. ते लोकर उद्योगाच्या संशोधन संस्थेत होते, म्हणजे त्यांच्या डोक्यात कापड होतं, जे शेवटी एक जाळीच आहे. कमळाच्या पानावरचे मेणाचे उंचवटे आणि त्यांची स्वच्छ राहण्याची करामत जर्मनीतल्या बॉन विद्यापीठाच्या बार्थलॉट आणि नाइनहुइस यांनी 1997 मध्ये तपशिलात मांडली.

तेलासाठी हाच खडबडीतपणा उलट काम करतो. पृष्ठताण म्हणजे थेंबाला गोळा करून धरणारी ओढ. पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे 72 मिलिन्यूटन, खाद्यतेलाचा 32-33, डिझेलचा त्याहूनही कमी. मेणचट पृष्ठभागाला तेलाचं वावडं नाही, त्यामुळे ते उंचवट्यांच्या फटीत शिरून झिरपतं. 2004 मध्ये बीजिंगमधल्या लेई जियांग यांच्या गटाने टेफ्लॉनचा लेप दिलेली पोलादी जाळी दाखवली: पाणी वर गोलगोल, डिझेल थेट आरपार. या विषयातल्या संशोधनाला तिथून जोर आला.

जाळी विकत घेताना

दुकानात जाळी ‘नंबर’वर मिळते. शंभर नंबर म्हणजे एका इंचात शंभर भोकं. शंभर नंबरचं भोक साधारण 150 मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), दोनशेचं 75, तीनशेचं 50 च्या आसपास. तारेच्या जाडीनुसार थोडं इकडेतिकडे होतं. पुण्यात बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट, इतर गावांत पिठाच्या चाळण्या विकणारा किंवा गिरणीचं सामान ठेवणारा, इथे चौकशी करा. स्टेनलेस स्टीलची जाळी सहज मिळते, तांब्याची शोधावी लागते. तरी तांब्याचीच घ्या, कारण खाली दिलेली कृती तांब्यावर होते आणि स्टीलवर होत नाही. घेताना लोहचुंबक लावून बघा. चिकटली तर आत लोखंड आहे, वर नुसता तांब्याचा मुलामा.

नंबर कोणता? भोक जितकं बारीक तितका पाण्याचा जास्त दाब जाळी सोसते, पण तेल तितकं सावकाश उतरतं. ढोबळ हिशेब असा: पृष्ठताणाची चौपट करा, तिला संपर्ककोनाच्या कोसाइनने (वजाचं चिन्ह सोडून) गुणा, भोकाच्या बाजूने भागा. सपाट मेणाचा 110 अंशांचा कोन धरला तर 75 मायक्रॉनच्या जाळीवर पाणी सुमारे 13 सेंटिमीटर उंचीपर्यंत उभं राहू शकतं, 150 मायक्रॉनवर त्याच्या निम्मं. प्रत्यक्षात यापेक्षा कमीच मिळेल, कारण सगळ्या भोकांत जे सर्वात मोठं असेल तिथूनच पाणी घुसतं. एक तार सरकली तरी खेळ संपला. आपल्या होडीवर तर पाण्याचा दाब नगण्य आहे. म्हणून दोनशे नंबर पुरेसा. सूर्यफूल तेल पाण्याच्या पन्नासेक पट दाट असतं, ते तीनशे-चारशे नंबरातून काढत बसणं म्हणजे चिकाटीची परीक्षा.

होडी आधी, लेप नंतर

12 सेंटिमीटर बाजूचा चौकोन कापा. चारही बाजू 3 सेंटिमीटर उभ्या दुमडा. कोपरे कापू नका, कागदाच्या डबीसारखे घडी घालून बाहेरून बसवा. कापलेल्या कोपऱ्यातून पाणी हमखास येतं. मधे 6 बाय 6 चा तळ राहील.

हे लेप देण्याआधीच करायचं. लेपात आधी तारांवर सूक्ष्म काटे उगवतात, मग त्यांवर मेणचट थर चढतो. हे काटे ठिसूळ असतात, नंतर जाळी दुमडली तर घडीवरचे काटे झडतात आणि नेमकी तीच जागा गळते. मी सपाट तुकड्याला सुंदर लेप दिला आणि मग होडी केली. चारही कडा गळक्या.

आता सफाई. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने तेलकटपणा काढा. मग व्हिनेगरमध्ये चमचाभर मीठ विरघळवून त्यात होडी पाच-दहा मिनिटं ठेवा. तांब्याची भांडी आपण चिंचेनं घासतो त्यामागचं कारण हेच, आम्लाने काळपट थर निघतो. चिंच मात्र इथे नको, तिचे धागे भोकांत बसतात. जाळी गुलाबी-लाल चकचकीत झाली की भरपूर पाण्याने, शेवटी डिस्टिल्ड वॉटरने धुवा. यानंतर हातमोजे घालूनच हात लावा.

काटे उगवणं

हा टप्पा घरच्या ओट्यावर करू नका. शाळा-कॉलेजची प्रयोगशाळा, सोबत शिक्षक, डोळ्यांवर सुरक्षा चष्मा, हातात मोजे, खिडक्या उघड्या. कॉस्टिक सोडा कातडी आणि डोळे भाजतो, आणि या मिश्रणातून अमोनियाचा वास येतो.

100 मिली पाण्यासाठी 10 ग्रॅम कॉस्टिक सोडा आणि सुमारे 2.3 ग्रॅम अमोनियम परसल्फेट. दुसरं रसायन इलेक्ट्रॉनिक्सची हौस असलेल्यांना ठाऊक असेल, सर्किट बोर्डावरचं तांबं खाण्यासाठी ते वापरतात. सोडा थोडाथोडा पाण्यात टाका, उलट कधीच नाही. द्रावण तापतं, ते पूर्ण गार होऊ द्या. मग परसल्फेट घाला, ढवळा आणि लगेच होडी बुडवा. द्रावण गरम असताना घाई केली तर हवा तो निळा थर न मिळता काळा पडतो.

काही मिनिटांत जाळीवर फिकट निळी झाक येते. हे तांब्याचं हायड्रॉक्साइड, तारांवर गवतासारखं उगवलेलं. पंधरा-वीस मिनिटं झाली आणि सगळीकडे सारखा निळा रंग दिसला की थांबा. जास्त ठेवल्याने जास्त चांगलं होत नाही. हे काटे तारेचंच तांबं खाऊन उगवतात, बारीक तार तासाभरात कुरकुरीत होऊ शकते. बाहेर काढून डिस्टिल्ड वॉटरमध्ये हलकेच बुडवून धुवा. नळाखाली धरू नका आणि पुसू तर अजिबात नका. सावलीत वाळवा.

या क्षणी पाण्याचा थेंब टाकला तर तो पटकन शोषला जाईल. घाबरू नका. खडबडीतपणा पृष्ठभागाचा मूळ स्वभाव वाढवतो, आणि हायड्रॉक्साइडला पाणी आवडतं. मेण अजून चढायचंय.

उरलेल्या द्रावणात तांबं आणि तीव्र अल्कली आहे. ते बेसिनमध्ये ओतायचं नाही, प्रयोगशाळेच्या रासायनिक कचऱ्याच्या कॅनमध्ये जातं.

मेण चढवणं

आपलं मेण म्हणजे स्टिअरिक आम्ल: मेणबत्ती, साबण आणि क्रीम बनवणाऱ्यांकडे मिळणारे पांढरे दाणे. 100 मिली अल्कोहोलमध्ये सुमारे 0.3 ग्रॅम पुरतं. बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवून विरघळवा, गॅसच्या ज्योतीजवळ नेऊ नका. होडी त्यात अर्धा ते एक तास ठेवा, काढून साध्या अल्कोहोलमध्ये एकदा बुचकळा आणि वाळवा. आम्लाचं टोक तांब्याला धरतं, लांब तेलकट शेपूट बाहेर राहतं. होडी रात्रभर विसरलात तर तांब्याच्या स्टिअरेटचे पांढुरके-निळसर गुच्छ वाढून भोकं बुजायला लागतात. उजेडासमोर धरून बघा, सगळी भोकं मोकळी दिसली पाहिजेत.

इंटरनेटवर फ्लोरिनयुक्त लेपांच्या कृती भरपूर सापडतील आणि आकडे त्यांचेच सर्वात झळकणारे असतात. मी नवख्यांना ते सुचवत नाही. त्याच कुळातल्या पीएफओए या रसायनावर 2019 मध्ये स्टॉकहोम कराराखाली जागतिक निर्बंध आले, कारण ते निसर्गात मोडत नाही. पाणी स्वच्छ करायच्या नावाखाली त्यात तेच सोडण्यात काय हशील? टेफ्लॉनचीही हौस करू नका. तो वितळतो 327 अंशांना, आणि ओव्हनमध्ये बेसुमार तापवला तर विषारी धूर सोडतो.

थेंबाची परीक्षा

इन्सुलिनच्या सिरिंजने होडीच्या तळावर छोटे थेंब सोडा, एकाच जागी नाही, दहा-बारा ठिकाणी. गोल राहून जरा कलताच पळाले तर उत्तम. गोल आहे पण उलटं केलं तरी पडत नाही, असा थेंब दिसला तर पाणी काट्यांच्या मधे घुसलंय, तिथे लेप कमी आहे. फोन थेंबाच्या पातळीत ठेवून बाजूने फोटो काढा. ‘इमेजजे’ हे मोफत सॉफ्टवेअर त्यावरून कोन मोजून देतं. फोटो वरून तिरका घेतला तर कोन चुकीचा येतो आणि विज्ञान प्रदर्शनात परीक्षक नेमका तोच प्रश्न विचारतात.

आता खरं काम

पाण्यात खाण्याचा निळा रंग घाला. शाई नको, तिच्यात साबणासारखे घटक असू शकतात. तेल ओळखू येण्यासाठी फोडणीचं तंत्र वापरा: तेल कोमट करून त्यात हळद घाला, थंड करा, कापडातून गाळून घ्या. हळदीचा पिवळा रंग तेलात उतरतो, पाण्यात जवळजवळ नाहीच.

15 सेंटिमीटर व्यासाच्या काचेच्या भांड्यात अर्धा लिटर पाणी आणि 100 मिली तेल घ्या. तेलाचा थर साधारण साडेपाच मिलिमीटरचा होतो. होडी अलगद सोडा. आधी ती तेलावर क्षणभर टेकते, मग जाळी गडद दिसू लागते, तेल आत येतं आणि होडी तेलातून खाली जाऊन पाण्यावर विसावते. तळाला निळं पाणी भिडलेलं असतं पण आत येत नाही. हा क्षण बघण्यासारखा असतो, मी अजूनही मुलांना गप्प बसवून दाखवतो.

आता सिरिंजने होडीतलं तेल काढत राहा. जितकं काढाल तितकं बाजूंनी आत येत राहतं. सुईचं किंवा नळीचं टोक तळाला टेकवू नका. जोरात ओढलंत तर तेलामागून पाण्याचे थेंबही खेचले जातात. डिझेल घेतलं तर हेच काम कितीतरी वेगात होतं, पण मग ज्योत, ठिणगी आणि बंद खोली टाळा.

होडी नको असेल तर तिरकी पन्हळ करता येते: जाळीचा लांब तुकडा पन्हळीसारखा वळवून तिरका धरायचा आणि वरून मिश्रण बारीक धारेने सोडायचं. वाहताना तेल जाळीला लागतं आणि खाली गळतं, पाणी शेवटच्या टोकापर्यंत घरंगळत जातं. नरसाळंच हवं असेल तर जाळीचा स्वभाव उलटा करावा लागतो. 2011 मध्ये जियांग यांच्याच गटाने हायड्रोजेलचा, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या जेलीसारख्या पदार्थाचा, लेप दिलेली जाळी केली. ती आधी पाण्याने भिजवायची, मग ती पाणी खाली सोडते आणि तेल वर अडवते, माशाचे खवले पाण्यात तेल चिकटू देत नाहीत तसं. हलक्या तेलासाठी नरसाळ्यात तीच योग्य.

किती निघालं, किती राहिलं

आधी आणि नंतर तेलाचं वजन करा. पहिल्या फेरीत आकडा नेहमी कमी येतो, कारण जाळी, सिरिंज आणि भांड्याच्या कडा आपापला वाटा ठेवून घेतात. म्हणून पहिली फेरी वगळून पुढच्या पाच-दहा फेऱ्या नोंदवा. काढलेलं तेल अरुंद नळीत रात्रभर उभं ठेवा. तळाशी निळा थेंब जमला तर तेवढं पाणी सोबत आलंय, तेही लिहा. तेल किती मिळालं एवढाच आकडा सांगून पाण्याबद्दल गप्प बसणं ही या विषयातली जुनी खोड आहे.

आणि उरलेलं पाणी ‘शुद्ध’ म्हणू नका. भारतात पर्यावरण संरक्षण नियमांनुसार नदी-नाल्यांत सोडायच्या सांडपाण्यात तेल-ग्रीसची सर्वसाधारण मर्यादा लिटरला 10 मिलिग्रॅम आहे, समुद्रात सोडायचं तर 20. पाण्यावर इंद्रधनुष्यी तवंग दिसतो त्याची जाडी 5 मायक्रॉनपेक्षाही कमी असते, म्हणजे एक लिटर तेल 200 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेवर पसरलेलं. इतक्या पातळ थरातून होडी काही गोळा करू शकत नाही. आधी अडसर लावून थर जाड करावा लागतो.

त्याहून मोठी अडचण म्हणजे घुसळलेलं तेल. तेलाचे थेंब 20 मायक्रॉनहून लहान झाले की त्याला इमल्शन म्हणतात, आणि 75 मायक्रॉनच्या भोकापुढे ते नुसते पाण्यासोबत फिरत राहतात. 7 ऑगस्ट 2010 ला मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया-3 ही जहाजं धडकली आणि इंधन तेल रायगडच्या कांदळवनापर्यंत गेलं. अशा वेळी ‘तुमची जाळी तिथे चालली असती का’ हा प्रश्न हमखास येतो. भर पावसाळ्यातल्या लाटांनी जड तेल आणि पाणी घुसळून चॉकलेटी लगदा होतो. तो या जाळीतून जाणार नाही, तिला लिंपून टाकेल. गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाच्या तोंडावर येणारे डांबरगोळे तर हातानेच वेचावे लागतात. जाळीची जागा आहे ती शांत पाण्यावर, मोकळ्या, पातळ तेलासाठी: गॅरेजचा खड्डा, हॉटेलच्या सांडपाण्याची टाकी, कारखान्यातलं शीतक (यंत्रं थंड ठेवणारं द्रव). तेही साबण नसेल तरच, आणि हॉटेलात तो असतोच. त्यामुळे भांडी घासल्याच्या पाण्यावर ही होडी टाकून निराश होऊ नका.

बिघडली तर

वापरानंतर भांड्यांच्या लिक्विडने धुवायचा मोह होतो. माझ्या एका विद्यार्थ्याने प्रदर्शनाच्या आदल्या रात्री होडी अशीच लख्ख धुतली, सकाळी ती दगडासारखी बुडाली. तेल उतरवायला जाळी टिपकागदावर उभी ठेवा, मग गार अल्कोहोलमध्ये पटकन बुचकळा. अल्कोहोल गरम असेल तर मेणही सोबत जातं. साबण लागलाच तर कोमट पाण्यात चार-पाच वेळा बुडवून धुवा, वाळवा आणि पुन्हा अर्धा तास स्टिअरिक आम्लात ठेवा. काटे शाबूत असतील तर जाळी परत कामाला लागते. त्या मुलाची लागली, फक्त तोवर परीक्षक पुढच्या टेबलावर गेले होते.

लिंबू, व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल लेप दिलेल्या जाळीजवळ नको, निळे काटेच विरघळतात. खाऱ्या पाण्यात ती प्रयोगापुरती चालते, आठवडाभर ठेवाल तर तांबं गंजेल. ठेवताना डबीत सैल ठेवा, वर काही दाबून ठेवू नका, आणि दर वेळी वापरण्याआधी कोपऱ्यांवर एकेक थेंब टाकून बघा. गळती तिथूनच सुरू होते.